आईची बाज आणि प्लेटोचा पलंग

परभणीत पत्र्याच्या शेडमध्ये, पाटीसुद्धा नसलेलं एका मिस्त्रींचं दुकान आहे. एप्रिलमध्ये आईसाठी तिथून बाज करून घेतली. बाभळीचे पाय, सागाच्या पट्ट्या, अंबाडीच्या वाखाची दोरी. साडेसहा हजार रुपये झाले. आठ दिवसांत देतो म्हणाले होते, तेरा लागले. तेवढे दिवस आई फरशीवर झोपली, ही तक्रार आधीच नोंदवतो.

मी कॉलेजात तेवीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाचं दहावं पुस्तक आलं की फळ्यावर तीन पलंग काढायचो. पहिला देवानं घडवलेला, म्हणजे पलंगाचं आदर्श रूप. दुसरा सुताराचा, त्या रूपाची नक्कल. तिसरा चित्रकाराचा, नकलेची नक्कल. पण सुतार काम करताना नक्की कुठं बघतो, हे मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं.

दुकानात भिंतीला नमुन्याची बाज टेकवलेली होती. म्हटलं, अशीच करा. मिस्त्रींनी तिच्याकडं मानही वळवली नाही.

“बाज कुणासाठी, सर?”

“आईसाठी.”

“मायचे गुडघे दुखतेत का? रात्री किती येळा उठतेत? ज्या खुर्चीवरून सहज उठतेत, ती उद्या घेऊन या.”

खुर्ची नेली. त्यांनी बैठकीची उंची सुतळीला गाठ मारून घेतली. बाजेचे पाय नमुन्यापेक्षा चार बोटं उंच निघाले.

प्लेटोचा शिष्य अॅरिस्टॉटल त्याच्या अकादमीत वीस वर्षं राहिला, तरी ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पहिल्याच पुस्तकात त्यानं विचारलं आहे, की प्लेटो म्हणतो ते चांगलेपणाचं आदर्श रूप कळून विणकराला किंवा सुताराला आपल्या कामात काय फायदा? वैद्यसुद्धा समोरच्या एका माणसाला बरं करतो. बाजेत सुतारही आला आणि विणकरही. हा आक्षेप मला त्या सुतळीच्या गाठीपाशी पुरता पटला.

दुसरी अडचण भिंतीवरच्या नमुन्यासारख्या त्या आदर्श रूपाचीच. देवानं पलंगाची दोन रूपं केली असती तर त्या दोघांत समान असलेलं तिसरं निघालं असतं, म्हणून रूप एकच, असं प्लेटो म्हणतो. पण रूप हाही एक पलंगच असेल, तर रूप आणि मिस्त्रींची बाज या दोघांत समान काय, हे सांगायला आणखी एक रूप लागतं, मग त्याच्यावर आणखी एक. अशा न संपणाऱ्या मालिकेला आपल्याकडं अनवस्था म्हणतात. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी तर ‘जाती’, म्हणजे अनेक वस्तूंत समान असलेलं सामान्य, मानायला आड येणाऱ्या गोष्टींत तिची गणना केली आहे. प्लेटोचा मोठेपणा असा, की ‘पार्मेनिडीज’ या संवादात हा घाव त्यानं स्वतःच आपल्या सिद्धांतावर घातला.

बाज घरी आली आणि डुगडुगली. फोन केल्यावर मिस्त्री संध्याकाळी आले. खाली बसून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, “पाय सारखे हायेत, फरशी एका कोपऱ्यात उतरती हाय.” मग समोरचा एक पाय पटाशीनं नखाएवढा तासला. आता चारही पाय सारखे नाहीत आणि बाज हलत नाही.

पण इथं मला प्लेटो सोडवत नाही. त्याच्या ‘फीडो’ या संवादात त्याचा गुरू सॉक्रेटिस विचारतो, दोन काठ्या आपण सारख्या म्हणतो, पण पुरत्या सारख्या त्या कधीच नसतात, मग ती पुरती समता आपण पाहिली कुठं? मिस्त्रींनी फरशीचा उतार मिटल्या डोळ्याआडून कशाशी ताडून पाहिला? हा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारल्याबद्दल मी प्लेटोला आजही गुरू मानतो. त्यासाठी रूपांचं वेगळं जग मात्र मला मानवत नाही. ते ज्ञान मिस्त्रींच्या हातात होतं, चाळीस वर्षांच्या कामानं आलेलं.

विणकामाबद्दल एवढंच, की दोरी अंगाला टोचत नाही, आणि पाठ टेकली की खालून वारा लागतो. वापरानं ती सैल पडते. पायथ्याची दोरी ओढून द्यायला पंधरा दिवसांनी ते न बोलावता आले, पैसे घेतले नाहीत. मिस्त्रींकडं जाणार असाल तर ज्याच्यासाठी बाज हवी त्या माणसाला सोबत न्या. ते जमत नसेल तर त्याची खुर्ची न्या.