जड धातूंच्या जमिनीत कंपोस्ट बरं की बायोचार?

मातीच्या रिपोर्टात कॅडमियम नाहीतर शिसं जास्त निघालं की जो तो म्हणतो सेंद्रिय खत टाका, पण कुठलं ते कोणी सांगत नाही. माझं दोन्ही वापरून झालंय. धातू काही कुजून जात नाही, तो मातीतच राहतो, फक्त कंपोस्ट किंवा बायोचार (कमी हवेत लाकूड-काडी तापवून केलेला कोळसा) त्याला धरून ठेवतो, म्हणून पिकाच्या मुळांना कमी मिळतो, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

कंपोस्ट टाकलं की जमीन भुसभुशीत होते, ओल धरते आणि पिकाला खायलाही मिळतं, बायोचारातून पिकाला खायला असं फारसं मिळत नाही. उलट बायोचार नुसता टाकला तर सुरुवातीला नत्र स्वतःच धरून बसतो, पीक पिवळं दिसायला लागतं. आणि धूळ तर विचारूच नका, ओला करूनच टाकायचा, वर मास्क.

तरी माझं मन उडालं ते विकतच्या कंपोस्टवरूनच. चाळणीवर घेतलं की काचेचे तुकडे, पिशव्यांच्या चिंध्या, एका गोणीत तर घड्याळाचा सेल! मिक्स कचऱ्यापासून बनवलेलं असेल तर शिसं-कॅडमियम त्यातूनच येऊ शकतं, कोंबडीखतात खाद्यातलं तांबं आणि जस्त उतरतं. म्हणजे जे कमी करायला खत आणलं तेच त्यात आहे का हे बघायला प्रत्येक लॉट लॅबला पाठवा, आणि कंपोस्ट काही वर्षांत कुजून संपतं, धातूवरची पकड सैल होते, की परत नवा लॉट परत लॅब. या कटकटीला मी कंटाळलो.

बायोचार मी छाटणीच्या फांद्यांचा स्वतःच करतो, त्यात काय गेलंय ते मला माहीत असतं (रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड अजिबात नको, त्यात तांबं, क्रोमियम, आर्सेनिक असू शकतं). एकदा टाकला की वर्षानुवर्षं टिकतो, सामूही (पीएच) वाढवतो, त्यामुळे आम्लधर्मी जमिनीत कॅडमियमला चांगला आवर बसतो. तुमची जमीन आधीच चुनखडीची असेल तर एवढा फरक कदाचित नाही जाणवणार.

आर्सेनिक असेल तर मात्र दोन्ही जरा जपूनच, सामू वाढला किंवा खतातलं स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं तर ते उलट मोकळं होऊ शकतं.

घरचं शेणखत भरपूर असेल तर कंपोस्टवाल्यांशी मी वाद घालणार नाही, मी स्वतः बायोचार त्यातच मुरवून टाकतो, म्हणजे नत्राचंही भागतं. फक्त नंतर टेस्ट करताना एकूण धातू नको, पिकाला मिळणारा किती ते मागा, डीटीपीए म्हणून सांगा, नाहीतर आकडा होता तेवढाच दिसेल.