कलमाची पट्टी होती, कलम नव्हतं

तिसऱ्या वर्षी माझ्या द्राक्षाच्या वेलीला पहिल्यांदा फुलोरा आला, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना मांडवाखाली बोलावून दाखवला होता. मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचे 17 घोस. रोज सकाळी उठून मोजायचे. मग कळ्या उमलल्या, हलका गोडसर वास सुटला, आणि आठवडाभरात एकेका घोसातली सगळी फुलं गळून गेली. मणी एकही धरला नाही. वाळके देठ तेवढे लोंबत राहिले.

ही वेल मी ‘बिनबियांच्या द्राक्षाचं खात्रीचं कलम’ म्हणून घेतली होती. विकणारा गाडीभर रोपं घेऊन दाराशी आला होता. बोलणं मऊ, आणि झाडांची माहिती खरोखरच चांगली. मी द्राक्ष, अंजीर आणि फळं लागलेलं लिंबू घेतलं. किवीची नर-मादी जोडी घ्या म्हणून त्याने आग्रह केला, पण तेवढी जागा नव्हती. जाताना त्याने बिनबियांच्या द्राक्षाच्या बियांची पुडी भेट म्हणून हातावर ठेवली. त्या पुडीपाशीच मी थांबायला हवं होतं. बिनबियांच्या द्राक्षात बी धरायला सुरुवात होते आणि वाढ अर्धवट असतानाच ते खुरटतं. थॉम्सन सीडलेस घ्या, किंवा तिचीच जुनी नावं सुलताना, किशमिश घ्या. या वेली पिढ्यान्‌पिढ्या काडीवरून किंवा कलमावरूनच वाढवत आले आहेत. बी असलेल्या द्राक्षाचं बी पेरलं, तरी रोप आईसारखं निघत नाही.

लिंबाची दोन फळं तिसऱ्याच दिवशी पडली. मी फोन केला. तो म्हणाला, “ताई, जागा बदलली की झाड फळं टाकतं.” हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसले. उरलेली दोन सुकल्यावर तोडायला गेले, तर देठाभोवती बारीक तार गुंडाळलेली होती. फळं दुसऱ्या झाडाची होती.

अंजिराला चार पानं होती, ती महिनाभरात माना टाकून गळाली. उपटून पाहिलं तर मातीत नुसती काडी, मूळ एकही नाही. अंजीर आणि द्राक्ष दोन्हींची काडी स्वतःत साठवलेल्या अन्नावर मुळं फुटण्याआधीच पानं काढू शकते. साठा संपला आणि मुळं आली नसली की सगळं वाळतं. म्हणजे कुंडीतली हिरवी पानं हा रोप लागल्याचा पुरावा नाही. खोड हलकेच वर ओढून बघावं, कुंडीच्या तळाच्या भोकांतून मुळं डोकावतात का ते पाहावं, आणि विकणारा पिशवी उघडून मुळं दाखवायला तयार नसेल तर तिथून निघावं.

ही दोन झाडं फसवी निघाली त्याचं दुःख झालं, पण ते लवकर निवळलं. वेलीने मात्र माझी तीन वर्षं घेतली. ती जोमाने वाढत होती. मी तिच्यासाठी मांडव घातला, शेंडे खुडले, दरवर्षी छाटणी केली. फळ का नाही असं पहिल्या वर्षी त्या विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, वेलीला फळायला दोन-तीन वर्षं लागतातच. दुसऱ्या वर्षी विचारलं तर, नत्र जास्त झालंय, म्हणून नुसता पाला वाढतोय. तिसऱ्या वर्षी, छाटणी चुकली असेल. द्राक्ष मागच्या वर्षीच्या काडीवरच्या डोळ्यांतून निघालेल्या नव्या फुटीवर येतं, ती काडीच तुम्ही कापली असणार. यातलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच मी दर वेळी स्वतःच्या हातांना दोष देत राहिले. खत बंद केलं, पाणी बदललं, छाटणीचे फोटो काढून ठेवले. तो मला झाडाबद्दल खरं सांगत होता आणि माझ्याच झाडाबद्दल खोटं.

शेवटी द्राक्षबाग केलेल्या एका ओळखीच्या आजोबांना मी गळलेली फुलं आणि दोन पानं नेऊन दाखवली. त्यांनी भिंगातून एक फूल पाहिलं आणि मलाही पाहायला लावलं. लांब पुंकेसर होते, मधे स्त्रीकेसर जवळजवळ नव्हताच. नर फूल. बागेतल्या द्राक्षाच्या बहुतेक जातींत एकाच फुलात दोन्ही असतात, म्हणून एकटी वेलही फळते. जंगली वेलींत मात्र नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. पानही त्यांनी उलटसुलट करून पाहिलं: रुंद, चकचकीत, द्राक्षाच्या पानासारख्या खोल खाचा नसलेलं. “हा खुंट आहे, बाळ. यावर कलम बांधायचं असतं,” ते म्हणाले.

घरी येऊन मी बुंध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी सोडवली. इतकी वर्षं तिला हात लावला नव्हता, कलम निखळेल या भीतीने. तिच्याखाली साल अखंड होती. पाचर नाही, खाच नाही, जोडाची गाठ नाही. खरं कलम असतं तिथे खोड जरा फुगलेलं किंवा तिरकं दिसतं, वरच्या आणि खालच्या सालीत फरक असतो. कलम बांधून ते जळालं आणि खालचा खुंट फुटून वाढला, असंही होतं, ती चूक समजू शकते. इथे चाकूच लागला नव्हता. पट्टी फक्त मला दाखवण्यासाठी गुंडाळली होती. मी त्या दिवशी खूप रडले.

त्यानंतर त्या विकणाऱ्याने फोन उचलला नाही. माझ्याकडे पावती नव्हती, जातीचं नाव लिहिलेला कागद नव्हता, पट्टीचा फोटोसुद्धा नव्हता. नोंदणी असलेल्या रोपवाटिकेतून घेतलं असतं तर जात आणि खुंट दोन्हींची नावं बिलावर मागता आली असती, आणि तक्रारीला काही आधार राहिला असता. तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी पट्टी विकणाऱ्यालाच सोडायला सांगा. नाही म्हणाला तर घेऊ नका. कोवळ्या जोडावरची पट्टी काढता येत नाही असं कारण मिळेल, आणि तेही खरं आहे. मग जोड पक्का झालेलं, पट्टी उतरवलेलं जुनं रोप मागा. किवीच्या त्या जोडीबद्दलही हेच. नर-मादी झाडं वेगळी असतात, पण फूल येईपर्यंत नुसतं बघून ती ओळखता येत नाहीत, म्हणून काडी कुठल्या झाडाची हे लेखी हवं.

वेल मी उपटली नाही. 19व्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा तग धरला तो अमेरिकी जंगली वेलींच्या मुळांनी, आणि त्यांच्यावर बांधलेल्या कलमांनीच मळे पुन्हा उभे राहिले. माझ्या अंगणात उभी आहे ती त्याच गोत्रातली. फळली नाही यात तिचा काय दोष?

यंदा आजोबांनी त्यांच्या फळत्या वेलीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या दिल्या आणि स्वतः येऊन बुंध्यावर दोन पाचर कलमं बांधून दिली. एक सुकलं. दुसऱ्याचे दोन डोळे फुटले आहेत, आणि त्या कोवळ्या पानांना खोल खाचा आहेत. खुंटावरून रोज नवे जंगली फुटवे येतात, ते मी सकाळी आधी खुडते आणि मग पाणी घालते.