ऑल-इन-वन की फिनिशिंग पॉलिश? गाडीच्या रंगासाठी निवड करताना

गाडीचा रंग निस्तेज दिसू लागला, उन्हात बॉनेटवर गोलाकार बारीक ओरखडे उठून दिसू लागले, की गाडीची निगा स्वतः राखणारा मालक दोन प्रकारच्या बाटल्यांपाशी येऊन थांबतो. एकीवर ‘ऑल-इन-वन’, ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘थ्री-इन-वन’ असे लिहिलेले असते आणि दुसरीवर ‘फिनिशिंग पॉलिश’. दोन्हींतले द्रव्य दिसायला जवळजवळ सारखेच, पांढरट आणि दाटसर असते, आणि दोन्ही बाटल्या चकाकीचेच आश्वासन देतात. दोघींची कामे मात्र वेगळी आहेत, आणि एकीच्या जागी दुसरी वापरल्यास बहुतेक वेळा श्रम वाया जातात.

ऑल-इन-वनमध्ये तीन गोष्टी एकत्र असतात: रंगावर बसलेला चिकट मळ व निस्तेज थर सोडवणारे क्लीनर, हलके ओरखडे कमी करणारे घासणारे बारीक कण, आणि शेवटी मागे राहणारे मेण किंवा पॉलिमरचे संरक्षण. फिनिशिंग पॉलिशमध्ये यांपैकी फक्त अतिबारीक कण आणि त्यांना सरकते ठेवणारी तेले असतात. ती रंगाचा पृष्ठभाग अधिक गुळगुळीत करते, पण पुसून काढल्यावर संरक्षण म्हणून काहीही मागे ठेवत नाही. त्यामुळे ऑल-इन-वन लावले की काम संपते, तर फिनिशिंग पॉलिशनंतर मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग यांपैकी एक लावावेच लागते. अनेक जण हे दुसरे काम गाळतात आणि पहिल्याच पावसात पाणी पत्र्यावर पसरून राहू लागले, की पॉलिशला दोष देतात.

रंगाच्या थरांचा हिशेब

आजच्या बहुतेक गाड्यांवर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर या सगळ्यांची एकत्रित जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यांतला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. चकाकी याच थराची असते, ओरखडेही याच थरात असतात, आणि अतिनील किरणे शोषून खालचा रंग टिकवणारी द्रव्येही यातच मिसळलेली असतात. घासून काढलेला क्लिअर कोट परत येत नाही. फिनिशिंग पॉलिशचा एक हात साधारणपणे एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी थर काढतो आणि सौम्य ऑल-इन-वनही त्याच पातळीवर राहते, त्यामुळे या दृष्टीने दोन्ही सुरक्षितच म्हणावीत. खरा धोका असतो तो गॅरेजमध्ये ‘रबिंग’ या नावाने जाड कंपाउंड (भरड कणांची पॉलिश) आणि गोल फिरणारा बफर (पॉलिशचे मशीन) घेऊन केल्या जाणाऱ्या कामात. दर वर्षी असे रबिंग करून घेतलेल्या गाडीच्या कडांवर आणि बॉनेटच्या उंचवट्यांवर क्लिअर कोट उरतच नाही, आणि अशा ठिकाणी मग कोणतीच बाटली उपयोगाची नसते.

ऑल-इन-वन काय करते आणि काय झाकते

ऑल-इन-वनचा मोठा गुण म्हणजे त्यातील क्लीनर. रस्त्यावरचा तेलकट थर, धुराची काजळी आणि जुन्या मेणाचे अवशेष शॅम्पूने निघत नाहीत. तो थर गेला तरी पांढरी किंवा रुपेरी गाडी लगेच उजळते. आपल्याकडे रस्त्यावर पांढऱ्या आणि रुपेरी गाड्याच जास्त दिसतात, आणि या रंगांवर बारीक ओरखडे मुळातच कमी दिसतात. त्यामुळे अशा गाडीचा निस्तेजपणा पुष्कळदा ओरखड्यांचा नसून मळाचा असतो. तिथे फिनिशिंग पॉलिश घेऊन बसणे म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध करणे होय.

बाटलीबाटलीत फरक असतो, हेही लक्षात घ्यायला हवे. क्लासे ऑल-इन-वनसारखी जुनी आणि नावाजलेली उत्पादने मुख्यतः रासायनिक सफाईवर भर देतात, तर मेग्वायर्सचे डी१५१ किंवा मेन्झर्नाचे थ्री-इन-वन यांत घासण्याची क्षमता बरीच अधिक असते आणि मशीनवर ती मध्यम स्वर्लही, म्हणजे गोलाकार बारीक ओरखडेही, हलके करतात.

मात्र ऑल-इन-वनच्या निकालाकडे थोड्या संशयाने पाहावे. त्यातील मेण आणि तेले उरलेल्या ओरखड्यांत भरून बसतात, त्यामुळे त्या दिवशी रंग जितका सुधारलेला दिसतो तितका तो सुधारलेला नसतो. काही आठवड्यांच्या धुण्यानंतर झाकलेले ओरखडे पुन्हा दिसू लागतात. मला यात फसवणूक वाटत नाही, कारण हे माहीत असून वापरणाऱ्याला ते सोयीचेच असते. खरी सुधारणा किती झाली हे पाहायचे असेल, तर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक छोटा भाग पुसून मोबाइलच्या टॉर्चखाली बघावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही ही युक्ती ध्यानात ठेवायला हरकत नाही. विक्रीआधी केलेली बरीचशी ‘चमक’ अशा एका पुसण्यात उतरते.

फिनिशिंग पॉलिशची खरी जागा

फिनिशिंग पॉलिश ही मालिकेतली शेवटची पायरी आहे. आधी कंपाउंडने खोल ओरखडे काढले जातात, त्या कंपाउंडने स्वतःच सोडलेला धूसरपणा आणि बफरने उमटवलेले होलोग्राम (उन्हात दिसणारे फिरते पट्टे) फिनिशिंग पॉलिशने जातात, आणि मग संरक्षण लावले जाते. मेग्वायर्सचे एम२०५ आणि मेन्झर्नाचे ३८०० ही या वर्गातली परिचित नावे. ज्या गाडीवर आधीची पायरी झालेलीच नाही आणि ओरखडे मध्यम ते खोल आहेत, तिच्यावर थेट फिनिशिंग पॉलिश फिरवली तर ओरखडे तसेच राहतात आणि फक्त त्यांच्या मधली जागा अधिक चकचकीत होते, ज्यामुळे ते कधीकधी आधीपेक्षाही ठळक दिसतात.

तिची किंमत कळते ती काळ्या, गडद निळ्या आणि गडद लाल रंगांवर. या रंगांवर अगदी हलका धूसरपणाही उन्हात राखाडी झाकोळासारखा दिसतो आणि तो ऑल-इन-वनने पूर्ण जातोच असे नाही. त्यात क्लिअर कोटचा कडकपणा गाडीगणिक बदलतो. जपानी गाड्यांचा कोट मऊ आणि जर्मन गाड्यांचा कडक असे डिटेलिंगवाले (गाडीच्या बारकाईच्या सफाई-पॉलिशचे काम करणारे) सर्रास म्हणतात. मर्सिडीज-बेंझने तर २००३ मध्ये ओरखड्यांना अधिक दाद न देणारा, नॅनो-कणयुक्त क्लिअर कोट आणला होता. पण कंपनीचे नाव वाचून अंदाज बांधण्यापेक्षा स्वतःच्या गाडीवर पाहणे केव्हाही बरे. मऊ काळ्या रंगावर फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोमचा पॅड यांनी जी खोली येते, ती कोणत्याही ऑल-इन-वनने आलेली मी पाहिलेली नाही.

वापरण्याची रीतही अधिक काटेकोर आहे. काही पॉलिशमधले कण घासता घासता फुटून आणखी बारीक होत जातात. ती अर्धवट फिरवून पुसली तर धूसरपणा उरतो. एम२०५ सारख्या पॉलिशमध्ये कण सुरुवातीपासून सारखेच बारीक असतात, त्यामुळे तिथे ही अडचण कमी येते. ऑल-इन-वन अशा चुका बऱ्यापैकी पोटात घालते.

गाडी पुढे कोण धुणार?

माझ्या मते निवड ठरवणारा प्रश्न हाच आहे. सोसायटीत रोज पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन दहा-पंधरा गाड्या पुसणारा माणूस असेल, किंवा घरातलेच कोणी कोरड्या धुळीवर झाडणी फिरवत असेल, तर पॅनेलवर नवे स्वर्ल रोज पडतच राहणार. फडक्यात अडकलेली रेती हेच स्वर्लचे मुख्य कारण असते. अशा गाडीवर दोन दिवस खर्च करून कंपाउंड आणि फिनिशिंग पॉलिश केली, तर ती मेहनत काही आठवड्यांत निष्फळ ठरते आणि पुढच्या वर्षी त्याच पातळ थरातून पुन्हा काहीतरी काढावे लागते. अशा मालकाने वर्षातून एकदा-दोनदा सौम्य ऑल-इन-वन लावून समाधान मानावे, हे मी निःसंकोचपणे सांगेन. मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, एक हात आणि ऑक्टोबरच्या सुमारास दुसरा, एवढे पुरते. मेणाचे संरक्षण काही आठवडे ते तीन-चार महिने टिकते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर आणि कोकणातल्या पावसात त्याहून कमी.

उलट, ज्याने रोजचे पुसणे बंद करून आठवड्याला स्वतः शॅम्पू, दोन बादल्या आणि स्वच्छ मायक्रोफायबर यांनी गाडी धुण्याची सवय लावून घेतली आहे आणि ज्याची गाडी छपराखाली राहते, त्याला फिनिशिंग पॉलिशचे फळ दीर्घकाळ मिळते.

कोटिंग, नवा रंग आणि मॅट फिनिश

काही परिस्थितींत मात्र निवडीला वावच नसतो. सिरॅमिक कोटिंग किंवा पारदर्शक संरक्षक फिल्म लावायची असेल, तर ऑल-इन-वन बाजूलाच ठेवावे. सिलिकावर आधारलेले कोटिंग थेट क्लिअर कोटला धरून बसायला हवे, आणि मध्ये मेण किंवा पॉलिमर राहिले की ते नीट चिकटत नाही. अशा वेळी फिनिशिंग पॉलिश करून, तिची तेले अल्कोहोल मिश्रणाने पुसून, मग कोटिंग करावे.

अपघातानंतर दरवाजा किंवा बंपर नव्याने रंगवून घेतला असेल, तेव्हाही हेच लागू होते. कार्यशाळेत रंगवलेल्या पॅनेलमधील द्रावके पूर्ण उडून जायला वेळ लागतो, म्हणून साधारण ३० ते ९० दिवस त्यावर मेण किंवा सीलंट लावू नये असे सांगितले जाते. त्या काळात सिलिकोनविरहित फिनिशिंग पॉलिश चालू शकते, ऑल-इन-वन चालत नाही. पेंटबूथजवळ तर सिलिकोन असलेले कोणतेही उत्पादन उघडूही नये, कारण त्याचा अंश पत्र्यावर गेला की नव्या रंगात खड्डे पडतात.

याउलट क्लिअर कोट नसलेल्या जुन्या सॉलिड रंगाच्या गाड्यांवर ऑल-इन-वन अतिशय गुणकारी ठरते. पांढरे कापड थोड्या पॉलिशसह घासून पाहिल्यावर त्यावर गाडीचाच रंग उतरला, तर गाडी या प्रकारची समजावी. असा रंग उन्हाने खडूसारखा भुकटतो. तो थर क्लीनरने निघतो आणि तेले व मेण यांनी कोरड्या रंगाला तजेला येतो. मॅट फिनिशच्या गाडीला मात्र दोन्हींपैकी काहीही लावू नये, कारण घासून चकाकलेला मॅट रंग पुन्हा मॅट करता येत नाही.

हात, मशीन आणि जागा

हाताने काम करणार असाल तर ऑल-इन-वन घ्या. फिनिशिंग पॉलिश हाताने लावता येते, पण सारखा दाब आणि सारखी हालचाल संपूर्ण बॉनेटभर राखणे कठीण असते. ड्युअल अॅक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरवता फिरवता हलवतही राहणारे मशीन) असल्यास दोन्ही शक्य आहेत, आणि नवख्यासाठी तो गोल फिरणाऱ्या बफरपेक्षा कितीतरी निर्धोक असतो. हॅचबॅकला धुण्यापासून पुसण्यापर्यंत ऑल-इन-वनने अर्धा दिवस लागतो. कंपाउंड, फिनिशिंग आणि संरक्षण असे तिन्ही करायचे तर पूर्ण एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मशीनसाठी विजेचा प्लग मिळतो का, हे आधी पाहावे. अनेक बेत तिथेच अडतात. तापलेल्या पत्र्यावर दोन्ही द्रव्ये सुकून डाग धरतात, म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात तर सकाळच्या सावलीशिवाय हे काम हाती घेऊच नये. ऑल-इन-वन काळ्या प्लॅस्टिकवर लागले की पांढरे डाग राहतात, तेव्हा त्या कडांना आधी मास्किंग टेप लावावी.

पूर्वतयारी दोन्हींसाठी सारखीच आहे. रेल्वेमार्गाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे कण रुतलेले असतात. ते आयर्न रिमूव्हर (लोखंड विरघळवणारे द्रव) आणि क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मऊ वडी) यांनी काढावे लागतात. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याने पडलेले क्षारांचे डाग वरवरचे असतील तर पातळ व्हिनेगरने जातात, क्लिअर कोटमध्ये किंचित उतरलेले असतील तर फिनिशिंग पॉलिशने कमी होतात. नख अडकेल इतका खोल ओरखडा मात्र दोन्हींच्या आवाक्याबाहेरचा असतो.

खरेदीआधी मनात शंका उरलीच, तर दोन्हींच्या लहान बाटल्या आणून बॉनेटवर टेपने साधारण दोन फुटांचा चौकोन आखावा आणि आधी मऊ पॅडने ऑल-इन-वन फिरवून, अल्कोहोलने पुसून, टॉर्चखाली निकाल पाहावा. तेवढ्याने समाधान झाले तर संपूर्ण गाडी त्यावरच उरकावी. धूसरपणा किंवा बारीक ओरखडे नजरेला खुपतच राहिले, तर त्याच चौकोनाच्या अर्ध्या भागावर फिनिशिंग पॉलिश फिरवून दोन्ही अर्धे शेजारी शेजारी पाहावेत; पांढऱ्या गाडीवर पुष्कळदा फरक शोधावा लागतो, काळ्या गाडीवर तो दुरूनच दिसतो. दुसऱ्या अर्ध्यावरही ओरखडे तसेच राहिले, तर गाडीला आधी कंपाउंडची गरज आहे असे समजावे, आणि ते काम स्वतः करण्यापूर्वी थरांची जाडी मोजणारा गेज असलेल्या डिटेलरकडून एकदा मोजणी करून घ्यावी.