गुळाच्या अडतीसाठी घेतलेला एआय सहायक: एका हंगामाचा अनुभव

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील आमच्या गुळाच्या अडत दुकानासाठी गेल्या हंगामात आम्ही एक एआय सहायक घेतला. शहरातील एका लहान कंपनीने तो बसवून दिला. मराठीत प्रश्न टाइप केला की त्याने आमच्या डेटाबेसमधून नेमकी नोंद काढून द्यावी, एवढीच अपेक्षा होती. पाच महिने वापरल्यानंतर माझे मत असे आहे की ही सेवा घेण्याजोगी आहे. मात्र ज्या स्थितीत ती आमच्या हाती पडली त्या स्थितीत तिच्यावर विसंबून एकाही शेतकऱ्याला रक्कम सांगता आली नसती. हा फरक मुख्यतः टूलच्या, म्हणजे सहायकाला नोंदी काढून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, वर्णनांमुळे पडला, म्हणून या अभिप्रायात मी त्यांच्याविषयीच लिहीत आहे.

सहायकामागचे भाषा मॉडेल आमच्या वह्या किंवा डेटाबेस स्वतः पाहत नाही. त्याला काही टूल दिलेली असतात आणि प्रत्येक टूलचे नाव, वर्णन व त्याला कोणती माहिती पुरवायची याचा आराखडा, एवढेच त्याच्यासमोर असते. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही, म्हणजे मॉडेलला टूल जोडण्याच्या सामाईक पद्धतीतही, हीच रचना आहे. प्रश्न आला की मॉडेल वर्णने वाचून कोणते टूल चालवायचे ते ठरवते. आमच्याकडे आलेल्या मुख्य टूलचे वर्णन होते, ‘इनव्हॉइस रेकॉर्ड मिळवते’.

अडतीत इनव्हॉइस नावाची एक वस्तू नसते. शेतकऱ्याला मिळते ती पट्टी, ज्यात हमाली, तोलाई वजा होऊन त्याच्या हाती येणारी रक्कम असते. खरेदीदाराला जाते ते बिल. एकाच सौद्याचे हे दोन कागद, आणि दोन्हींवरील आकडे वेगळे. आम्ही पट्टी विचारली की सहायक कधी पट्टी आणायचा, कधी बिल. मॉडेलला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण या दोन शब्दांमधला भेद त्याला कोणी सांगितलेलाच नव्हता.

त्याहून मोठा घोळ रव्यांचा, म्हणजे गुळाच्या ढेपांचा, झाला. आमच्या नोंदीत ‘नग’ या रकान्यात रव्यांची संख्या असते आणि दर मात्र क्विंटलचा असतो. दहा किलोचे ४० रवे म्हणजे चार क्विंटल. ४,५०० रुपये दराने त्याचे १८,००० रुपये होतात. सहायकाने ४० ला थेट दराने गुणून १,८०,००० रुपये सांगितले, आणि तेही इतक्या सभ्य, नीटनेटक्या वाक्यात की आमच्या दिवाणजींनी हटकले नसते तर मी तो आकडा शेतकऱ्याला फोनवर कळवलाही असता. पुढे गावांचा प्रश्न आला. बोलताना ‘बावडा’ म्हटले की आम्हाला कसबा बावडा अभिप्रेत असतो, पण शोधात गगनबावड्याची खातीही जुळत. ‘वर्ष’ या खान्यात आर्थिक वर्ष भरायचे की हंगाम, हेही कुठे लिहिलेले नव्हते. दिवाळीच्या सुमारास सुरू होणारा हंगाम मार्चअखेर ओलांडून जातो, त्यामुळे एकाच हंगामाची नोंद दोन वर्षांत विभागली जाई.

तक्रार केल्यावर कंपनीने हात झटकले नाहीत, हे नमूद केले पाहिजे. त्यांचा माणूस दोन दुपारी दिवाणजींशेजारी बसला आणि पट्टीच्या टूलचे वर्णन नव्याने लिहिले गेले: ‘शेतकऱ्याला दिलेल्या गूळ पट्ट्या शोधते. खरेदीदाराच्या बिलासाठी हे वापरू नये. त्यासाठी खरेदीदार बिल हे टूल आहे. खाते क्रमांक माहीत नसल्यास आधी शेतकरी शोध वापरावे. वजन किलोत व दर क्विंटलला असतो. रव्यांच्या संख्येवरून रक्कम काढू नये. एका वेळी जास्तीत जास्त ५० पट्ट्या मिळतात, सर्वांत नवी आधी. जुळलेल्या सर्व पट्ट्यांची संख्या एकूण या रकान्यात असते.’

शेवटचे वाक्य क्षुल्लक वाटेल, पण ते नसताना सहायक पहिल्या ५० पट्ट्यांची बेरीज करून ती साऱ्या हंगामाची म्हणून सांगत असे. ‘वर्ष’ हा खाना काढून ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा घेतल्या, आणि तारखेचा नमुना आराखड्यातच पक्का केला. काहीच न सापडल्यास पूर्वी नुसती रिकामी यादी परत येई आणि सहायक तिचा अर्थ ‘येणे बाकी नाही’ असा लावी. आता ‘या नावाची चार खाती आहेत, गाव विचारा’ किंवा ‘या तारखांत एकही पट्टी नाही’ असे स्पष्ट उत्तर मिळते. वर्णनाची भाषा इंग्रजी असावी की मराठी यावर आमचा बराच वाद झाला. मॉडेलला दोन्ही कळतात. फक्त पट्टी, रवा, तोलाई हे शब्द जसेच्या तसे ठेवले पाहिजेत, असे माझे मत झाले.

वर्णनाने सगळेच साधते असे नाही. ‘हे टूल फक्त वाचते’ असे लिहिले म्हणून नोंदी सुरक्षित होत नाहीत. सुरुवातीला सहायकाच्या लॉगिनला नोंद बदलण्याची मुभा होती, ती आम्ही डेटाबेसमध्येच काढून घ्यायला लावली. वर्णने लांबवण्याचा मोहही आवरावा लागला, कारण ती प्रत्येक प्रश्नासोबत मॉडेलकडे जातात आणि त्यांचा खर्च वापराच्या हिशेबात लागतो.

पाचपैकी चार तारे देतो. राखून ठेवलेला एक तारा यासाठी की वर्णनांची फाइल अजून कंपनीच्याच ताब्यात आहे. मध्यंतरी पाच किलोच्या रव्याची आवक सुरू झाली तेव्हा एक ओळ बदलून घेण्यासाठी आठवडाभर फोन करावे लागले, आणि तोवर दिवाणजींनी त्या पट्ट्या हातानेच शोधल्या.