सेलचा रविवार आणि मामलेदारची मिसळ

दिवाळीआधीचा रविवार. फोनवर सकाळपासून ‘आज शेवटचा दिवस’चे मेसेज. मिक्सर घ्यायचा होता, पण नणंद मुलांना घेऊन डोंबिवलीहून आली होती. मॉल बाजूला ठेवला आणि सगळे मामलेदारला, म्हणजे ठाण्यातल्या मिसळीच्या हॉटेलात गेलो, ठाणे स्टेशनपासून चालत.

मिसळीबद्दल सांगायचं तर तिखटाचे प्रकार आहेत, तेव्हा ऑर्डर देताना फुशारकी नको. मी मध्यम घेते. उसळ, वर फरसाण, लालभडक रस्सा आणि पाव. पहिल्या घासाला नाक वाहतं, दुसऱ्याला माणूस गप्प होतो. आमचे हे ‘तिखट’ मागवून बसले आणि कपाळ पुसत राहिले. सासूबाईंनी मात्र तेच शांतपणे संपवलं, वर रस्सा मागितला! लहान मुलांना कमी तिखटही झोंबतं, सोबत काही गोड न्या.

गर्दी असते, म्हणून गप्पा तलावपाळीसाठी राखून ठेवाव्यात. आम्ही तिथल्या मासुंदा तलावाच्या कठड्यावर दुपार होईपर्यंत बसलो. नणंदेच्या नव्या नोकरीचं तिथेच कळलं.

चवीला पाचपैकी साडेचार. मिक्सर दिवाळीनंतर बघू, जुना अजून चटणी वाटतोय.