किसो की गोकायामा?

जपानच्या खेड्यात चार दिवस निवांत राहायचंय, हातांनी काही करूनही बघायचंय. मग जायचं कुठे?

झाडं हवी असतील तर नागानो प्रांतातलं किसो खोरं. आकासावाच्या जंगलात ३०० वर्षांहून जुने हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस वृक्ष आहेत. वनस्नानाचा, म्हणजे जंगलात निवांत वेळ घालवण्याचा, देशातला पहिला कार्यक्रम १९८२ मध्ये इथेच झाला. जवळच्या हिरासावात लाखकाम चालतं, म्हणजे लाकडी वस्तूंवर झाडाच्या चिकाचे थर चढवतात. पण त्याला वेळ लागतो. थर द्यायचा, सुकवायचा, घासायचा, पुन्हा थर; पाहुण्याच्या एका दुपारीत पूर्ण वस्तू कशी होणार?

तोयामा प्रांतातल्या गोकायामात मात्र हातकागद करायला बाह्या सरसावाव्या लागतात. कोझो या तुतीसारख्या झाडाच्या सालीचा लगदा पाण्यात कालवलेला असतो. चौकट बुडवायची, हलवायची, उचलायची. पाणी निथळलं की जाळीवर पातळ साय धरते, तोच कागद. पहिला हमखास एका बाजूला जाड होतो. मुक्काम उतरत्या गवती छपराच्या घरात, मधोमध चूल. इथलं आइनोकुरा गाव १९९५ पासून जागतिक वारसा आहे, त्यामुळे दिवसा गर्दी असते.

माझं मत गोकायामाला, हिवाळ्यात तर नक्कीच. आकासावा तेव्हा बंद असतं. शाकाहारी असाल तर दोन्हीकडे बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा, साध्या सूपातही माशाचा अर्क असतो.