सेंद्रिय की रासायनिक? आधी ठरवा, हिशेब एकरी मांडायचा की क्विंटलमागे

एका हेक्टरवर काय घडते ते पाहिले, तर सेंद्रिय शेत निसर्गासाठी सरस ठरते. एका क्विंटल धान्यामागे काय घडते ते पाहिले, तर चित्र एवढे स्वच्छ राहत नाही. या पद्धतींवरचे निम्मे वाद दोन्ही बाजू वेगवेगळी मापे वापरतात म्हणून होतात.

परागीभवन करणारे कीटक

इथे सेंद्रियचे पारडे जड आहे. सेंद्रिय शेतांत सजीवांच्या जाती सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास जास्त आढळतात. परागीभवन करणाऱ्या कीटकांत फरक त्याहून मोठा असतो. तणनाशक नसल्याने बांधावर फुले उरतात आणि निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकांची बीजप्रक्रिया टळते. बियाण्याला चोळलेल्या या औषधाचा थोडाच भाग रोपात जातो. उरलेला मातीत राहतो आणि पाण्याबरोबर शेजारच्या रानफुलांपर्यंत पोचतो. युरोपीय संघाने २०१८ मध्ये अशा तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर थांबवला.

पण सेंद्रिय म्हणजे बिनविषारी नव्हे. जिवाणूंपासून मिळणारे स्पिनोसॅड हे कीटकनाशक सेंद्रियमध्ये चालते, तरी ओले असेपर्यंत ते मधमाशीला मारक असते. सुकल्यावर धोका बराच उतरतो. फुलोऱ्यात सकाळी फवारले, तर माश्या नेमक्या ओल्या फुलांवर उतरतात. म्हणून फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावरच करावी.

दुसरी गोम मशागतीत आहे. तणनाशक नाही म्हटल्यावर कोळपणी वाढते. मधमाश्यांच्या सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बिळे करतात: पेन्सिल जाईल एवढे तोंड, भोवती भुसभुशीत मातीचा छोटा ढीग. उथळ कोळपणीत खोलवरचे कप्पे वाचतात, खोल नांगरटीत मात्र उलथून पडतात. बांधालगतचा २ मीटरचा पट्टा न नांगरता सोडणे दोन्ही पद्धतींत जमते, आणि त्याला प्रमाणपत्र लागत नाही.

माती

शेणखत, हिरवळीचे खत आणि पीकफेरपालट यांमुळे सेंद्रिय जमिनीत कर्ब आणि गांडुळे सहसा जास्त असतात. अडचण बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाची. १ टक्का मिश्रणात १०० लिटरला १ किलो मोरचूद पडते आणि त्यात पाव किलो तांबे असते. हेक्टरी ५०० लिटर फवारले की १.२५ किलो तांबे शेतात गेले. ते कुजत नाही, वरच्या थरात साचते आणि गांडुळांना बाधते. युरोपीय संघाची मर्यादा ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला अशा जेमतेम तीन फवारण्या. बुरशी दरवर्षी जोरात येत असेल, तर आधी रोगप्रतिकारक वाण शोधावा.

हवामान

रासायनिक नत्र (नायट्रोजन) तयार करायलाच भरपूर इंधन लागते. ते सेंद्रियमध्ये वाचते. शेतातले उत्सर्जन मात्र दोघांनाही चुकत नाही. ढोबळ हिशेबात, दिलेल्या नत्राचा १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. १०० किलो नत्रामागे हा वायू, त्यातल्या ऑक्सिजनचे वजन धरून, सुमारे १.६ किलो भरतो, आणि त्याची उष्णता धरण्याची ताकद १०० वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट असल्याने ते ४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतके होते. नत्र युरियातून आले की शेणखतातून, याने हा आकडा थोडाफार हलतो, नाहीसा होत नाही.

शेणाचा ढीग कसा ठेवला, यावर बरेच अवलंबून असते. दाबून बसलेल्या, ओल्याचिंब ढिगातून काळे पाणी झिरपते, आत हवा नसल्याने मिथेन तयार होतो. अमोनियाचा वास नाकात झोंबला, तर नत्र उडून चालले आहे. काडीकचरा मिसळून कर्ब-नत्र प्रमाण २५ ते ३० ला १ आणावे, पिळल्यावर एखाद-दोन थेंबच पडतील एवढी ओल ठेवावी आणि ढीग उलटत राहावा.

आणि उत्पादन. सेंद्रियमध्ये ते सरासरी २० टक्क्यांच्या आसपास घटते. तेवढेच धान्य हवे तर २५ टक्के जास्त जमीन लागते. ती जंगल किंवा गवताळ रान मोडून आली, तर हवामानाचा फायदा तिथेच संपतो. द्विदल पिकांत ही घट बरीच कमी, गव्हासारख्या नत्रखाऊ पिकांत जास्त.

निवड

फळबाग, तेलबिया, भोपळावर्गीय पिके असतील आणि शेणखत जवळच मिळत असेल, तर सेंद्रियकडे वळावे. रूपांतराची २ ते ३ वर्षे धरून चालावे. खत दुरून ट्रकने आणावे लागत असेल आणि पीक धान्याचे असेल, तर आधी बीजप्रक्रियेतले कीटकनाशक, फुलोऱ्यातली फवारणी आणि बांधावरचे तणनाशक एवढे तीन वापर बंद करावेत, नत्र माती परीक्षणानुसार हप्त्यांनी द्यावे.